फॉस्फरस मशिनला दाद का देत नाही? डायलिसिसचा पडदा आणि आयनांवरचा भार

करवीरकर_धाकटा

धागा जरा तांत्रिक आहे, पण इथे आपल्या कोल्हापुरातले शिक्षक, डॉक्टर, कारखानदार सगळेच वावरतात म्हणून हक्काने विचारतोय.

आमच्या थोरल्या बहिणीचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, दर वेळी चार तास. रिपोर्ट फाईलला लावायचं काम माझ्याकडे, त्यामुळे आकडे तोंडपाठ झालेत. यूरिया मशिनवर जाताना १३० असला तर उतरताना ४०-४५ वर येतो. पोटॅशियम ५.८ चं ३.७ होतं. फॉस्फरस मात्र दर महिन्याच्या तपासणीत ७ च्या वरच.

आता माझा प्रश्न. यूरियाचा रेणुभार ६०, फॉस्फेटचा (रक्तात फॉस्फरस याच रूपात असतो) ९६. फरक काही फार नाही. त्याच पडद्यातून ११,८०० रेणुभाराचं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रोटीनसुद्धा निघतं असं वाचलं. मग ९६ वाल्याला कोण अडवतंय? माझा तर्क असा की यूरियावर भार नाही, पोटॅशियमवर धनभार आहे आणि फॉस्फेटवर ऋणभार. पडद्यावर ऋणभार असेल तर तो फॉस्फेटला मागे ढकलत असणार. तसं असेल तर धनभाराचा पडदा का वापरत नाहीत?

विचारण्याचं कारण म्हणजे एकाने सुचवलंय की स्वतःच्या खर्चाने महागडा डायलायझर (मशिनला लावतात ती पडद्याची नळकांडी) आणून द्या, फॉस्फरस खाली येईल. खर्चाची तयारी आहे. पण नेमकं काय घडतं ते आधी समजून घ्यायचंय.

पंचगंगाघाट

वाचतोय. आमच्या काकांचंही हेच. रात्रभर अंग खाजवत बसायचे, आणि ते फॉस्फरसमुळे असू शकतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. ताईंना आराम पडो.

मीठभाकर

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून माझ्या बाजूचं सांगते. डॉक्टरी बाजू दुसरं कुणी तरी सांगेलच.

तुमचा तर्क चुकीच्या गावाला गेलेला नाही, पण रस्ता वेगळा आहे. भाराचा परिणाम होतो, मात्र तो सगळ्यात आधी पाण्यात होतो, पडद्याशी नंतर. आयन पाण्यात कधीच एकटा नसतो, भारामुळे तो पाण्याचे रेणू अंगाला चिकटवून घेतो. सोडियम आणि पोटॅशियमचंच बघा. नुसत्या आयनाचा आकार मोजला तर पोटॅशियम मोठा, सोडियम लहान. पण लहान आयनावर तोच भार दाटीने बसलेला असतो, म्हणून सोडियम जास्त पाणी ओढतो आणि चालायला जड होतो. पाण्यात २५ अंशाला पोटॅशियमचा विसरण गुणांक (पसरण्याच्या वेगाचं माप) १.९६, सोडियमचा १.३३ (एकक दहाचा उणे नववा घात चौरस मीटर दर सेकंदाला, पुढेही तेच धरा). मोठा दिसणाराच जोरात पळतो.

फॉस्फेटवर तर दोन-दोन ऋणभार. रक्ताचा सामू ७.४ असतो, तिथे पाचातले चार फॉस्फेट दोन भारांचे आणि एक एका भाराचा असतो. दोन भारांच्या फॉस्फेटचा विसरण गुणांक ०.७६, यूरियाचा १.३८. म्हणजे रेणुभार दीडपट असला तरी वेग जवळजवळ निम्मा. रेणुभाराचा तक्ता बघून गणित बांधलं की इथे फसगत होते.

दुसरी गोष्ट, आयनाला मनाला येईल तसं एकट्याने पलीकडे जाता येत नाही. नुसत्या मिठाच्या पाण्यात क्लोराइड (२.०३) पुढे पळू बघतो, सोडियम मागे राहतो. दोघांत किंचितसं विद्युतविभव तयार होतं आणि ते क्लोराइडला मागे ओढतं, सोडियमला पुढे. शेवटी दोघे १.६१ च्या एकाच वेगाने जातात. डायलिसिसमध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर मीठ असल्यामुळे ही ओढाताण फारशी जाणवत नाही. पोटॅशियम बाहेर गेला तर सोडियम त्याची जागा भरतो, फॉस्फेट बाहेर गेला तर समोरून बायकार्बोनेट आत येतो. हिशोब जागच्या जागी मिटतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी बघता येतं. सेलोफेनच्या नळीत मीठ आणि स्टार्च भरून, दोन्ही टोकं घट्ट बांधून ती ऊर्ध्वपातित पाण्याच्या चंचुपात्रात सोडायची. थोड्या वेळाने बाहेरचं पाणी परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की तो थेंब पडतो तिथून पांढरा धूर खाली उतरल्यासारखा गढूळपणा पसरतो. क्लोराइड बाहेर आला. त्याच पाण्यात आयोडीन टाकलं तर निळं काहीच होत नाही, म्हणजे स्टार्च आतच राहिला. १८६१ मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी अशाच पद्धतीने पदार्थ वेगळे केले आणि या क्रियेला डायलिसिस हे नावही त्यांनीच दिलं.

हुपरीची_चांदी

सिल्व्हर नायट्रेट म्हटलं की आमचे कान टवकारतात. हाताला लागलं की चामडी निघेपर्यंत काळा डाग जात नाही मॅडम, पोरांना हातमोजे घालायला लावा.

उद्यमनगरी

आमचा प्लेटिंगचा धंदा. एक शंका. आम्ही टाकीत करंट सोडून निकेलचे आयन पाहिजे तिकडे ओढून नेतो. मग डायलायझरच्या दोन बाजूंना इलेक्ट्रोड लावून फॉस्फेट ओढून काढायला काय हरकत? बारक्या व्होल्टेजवर.

मीठभाकर

@उद्यमनगरी, करंट सोडून आयन पडद्यातून ओढणं ही जुनी आणि चालती पद्धत आहे, तिला इलेक्ट्रोडायलिसिस म्हणतात. खाऱ्या पाण्यातलं मीठ काढायला वापरतात, आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने त्यावर बरंच काम केलंय. पण रक्तात कोण किती आहे ते बघा. सोडियम लिटरला १४० मिलीमोल, क्लोराइड शंभरच्या पुढे, आणि फॉस्फरस ७ असला तरी तो २.३ मिलीमोलच्या आत. करंट सोडला की तो जवळजवळ सगळा सोडियम आणि क्लोराइडच वाहून नेणार. फॉस्फेट काढायच्या नादात मीठ संपेल. शिवाय इलेक्ट्रोडपाशी आम्ल, अल्कली आणि क्लोरीन तयार होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रक्ताजवळ ते नकोच.

उद्यमनगरी

पटलं. आमच्या टाकीत निकेल भरपूर असतं म्हणून जमतं. आभारी आहे मॅडम.

आरओवाला

मी डायलिसिस मशिन आणि पाण्याच्या प्लांटचं मेंटेनन्स बघतो. कंपनीचं नाव घेत नाही, पण डायलायझरच्या खोक्यात जो कागद असतो तो कुणीच वाचत नाही, तो वाचा. त्यावर क्लिअरन्सचा, म्हणजे मिनिटाला किती मिलीलिटर रक्त त्या पदार्थापासून पूर्ण साफ होतं त्याचा, तक्ता असतो. २०० मिलीलिटर रक्तप्रवाहाला चांगल्या हाय-फ्लक्स (मोठ्या छिद्रांच्या) डायलायझरचा यूरियाचा आकडा १९० च्या आसपास आणि फॉस्फेटचा १७०-१८० असतो. म्हणजे फॉस्फेटला पडदा अडवतोय असं कागद तरी म्हणत नाही. थोडा कमी, पण अडलेला नाही.

भावा, महाग डायलायझर आणलास तर फार तर १७० चा १८५ होईल. ७ चा ४ होणार नाही.

आणि भाराबद्दल बोलताय तर आमचं सगळं काम भारावरच चालतं. मशिनच्या स्क्रीनवर १४.० च्या आसपास एक आकडा कायम दिसतो, ती कंडक्टिव्हिटी. ए पार्टचा कॅन, बी पार्टचं बायकार्ब आणि आरओचं पाणी मशिन आपल्या हिशोबाने मिसळतं आणि मिश्रण बरोबर झालं की नाही ते फक्त आयन किती वीज वाहून नेतात त्यावरून ओळखतं. ए चा कॅन उघडला की व्हिनेगरचा वास येतो, कारण त्यात ॲसेटिक ॲसिड असतं. ए आणि बी आधीच एकत्र करून ठेवत नाहीत, कारण कॅल्शियम आणि बायकार्बोनेटची गाठ पडली की तळाला चुना बसतो.

नव्या मशिनमध्ये अजून एक भारी सोय असते. मशिन मधेच डायलिसेटची (पडद्यापलीकडून वाहणाऱ्या या मिश्रणाची) कंडक्टिव्हिटी थोडी बदलतं, बाहेर येताना किती बदल झाला ते मोजतं आणि त्यावरून यूरियाचा क्लिअरन्स सांगतं. सुई न टोचता. सोडियम आणि यूरिया पडद्यातून जवळपास सारख्याच चालीने जातात म्हणून हे जमतं.

करवीरकर_धाकटा

@मीठभाकर, @आरओवाला, खूप आभार. पण आता तुमच्या दोघांच्या बोलण्यात मेळ बसेना. ताई म्हणतात फॉस्फेटचा वेग निम्मा. दादा म्हणतात क्लिअरन्स जवळजवळ यूरियाइतकाच. दोन्ही कसं खरं? आणि पडद्यावर भार असतो की नाही, ते राहिलंच.

मीठभाकर

मेळ बसतो. २०० मिलीलिटर रक्त आत गेलं तर २०० पेक्षा जास्त रक्त स्वच्छ होऊन येणं शक्यच नाही. पडदा दीड-पावणेदोन चौरस मीटरचा, साधारण दहा हजार पोकळ तंतूंत वाटलेला. एका तंतूचा आतला व्यास २०० मायक्रॉनच्या आसपास. एवढं क्षेत्रफळ मिळाल्यावर यूरिया ९५ टक्के निघून जातो, त्याला अजून वेग असता तरी उपयोग नव्हता. फॉस्फेट निम्म्या वेगाचा असूनही तेवढ्या वाटेत ८५-९० टक्के निघतो. जागा भरपूर असली की मंद चालणाराही वेळेत पोचतो.

आता भार. हल्लीचे बहुतेक पडदे पॉलिसल्फोन किंवा पॉलिइथरसल्फोनचे. त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, पण थोडा. तो किती लांबवर जाणवतो हे आजूबाजूच्या मिठावर अवलंबून असतं, कारण विरुद्ध भाराचे आयन भिंतीशी गोळा होऊन तो झाकून टाकतात. रक्ताइतक्या मिठात भाराचा प्रभाव भिंतीपासून ०.८ नॅनोमीटरवर विरून जातो. हाय-फ्लक्स पडद्याच्या छिद्राची त्रिज्या ३ ते ४ नॅनोमीटर. म्हणजे मधली वाट मोकळी. भिंतीला लागून जाणाऱ्या फॉस्फेटला थोडा त्रास होतो, मधून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जुन्या लो-फ्लक्स पडद्यांची छिद्रं बारीक, तिथे भिंत जवळ येते आणि हा परिणाम जास्त जाणवतो.

@आरओवाला, तुमच्या आरओमध्ये उलट आहे. नळाच्या पाण्यात मीठ रक्तापेक्षा वीसेक पटींनी कमी, म्हणून भाराचा प्रभाव ३-४ नॅनोमीटरपर्यंत पसरतो, आणि आरओच्या पापुद्र्यातली वाट एका नॅनोमीटरपेक्षाही अरुंद. तिथे पापुद्र्याचा ऋणभार आयन अडवायला चांगलीच मदत करतो, दोन भारांच्या सल्फेटला तर जास्तच. नियम एकच, मीठ कमीजास्त झालं की निकाल बदलतो.

आरओवाला

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. उद्याच्या ट्रेनिंगला पोरांना सांगणार.

टेंबलाईची_पायरी

धागा लई भारी चाललाय. पाण्यावरून आठवलं, एवढं पाणी लागतं तरी किती?

आरओवाला

डायलिसेट मिनिटाला ५०० मिलीलिटर धरलं तर चार तासांत एका पेशंटला १२० लिटर. निरोगी माणूस महिनाभरात पितो त्यापेक्षा जास्त पाणी एका दिवसात रक्तासमोरून जातं, आणि मधे फक्त ३०-४० मायक्रॉनची भिंत. म्हणून पाण्याची एवढी काळजी. सॉफ्टनर बंद पडून कॅल्शियम आत आलं तर पेशंटला मळमळ, उलट्या, बीपी वाढणं सुरू होतं. क्लोरामाइन आत आलं तर लाल पेशी फुटतात, ते अडवायला कार्बनची टाकी. १९७० च्या दशकात परदेशात पाण्यातल्या ॲल्युमिनियमने पेशंटच्या मेंदूवर परिणाम झाले, त्यानंतर पाणी शुद्ध करण्यावर सगळ्यांचा जोर आला.

बोअरचं पाणी असेल तर सॉफ्टनरचं मीठ वेळेवर बदला, एवढं कळकळीने सांगतो. साखर कारखान्याच्या बॉयलरलाही तेच रेझिन असतं. तिथे चुकलं तर नळ्या बदलता येतात.

नाडीवरबोट

मी मूत्रपिंडविकाराचीच डॉक्टर आहे. रसायनशास्त्र आणि मशिन, दोन्ही बाजू वर फार छान आल्यात. आता शरीराची बाजू सांगते, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर मुख्यतः तिथेच आहे.

डायलायझरच्या कागदावरचा तक्ता पाण्यात विरघळवलेल्या पदार्थांवर काढलेला असतो. त्यात लाल पेशी नसतात. यूरियावर भार नाही, तो लाल पेशीतून पटकन बाहेर येतो, त्यामुळे डायलायझरमधून जाताना पूर्ण रक्तातला यूरिया निघतो. फॉस्फेट भारामुळे पेशीच्या आवरणातून सहज बाहेर पडत नाही. डायलायझरमध्ये रक्त असतं काही सेकंद, तेवढ्या वेळात पेशीतला फॉस्फेट बाहेर येत नाही, निघतो तो फक्त प्लाझ्मातला (पेशी वगळून उरलेल्या रक्ताच्या पातळ भागातला). हिमोग्लोबिन १० असलं तर रक्ताचा साधारण ३० टक्के भाग या कामाला उपलब्धच नाही. भार आडवा येतो तो इथे, करवीरकर. आपण बनवलेल्या पडद्यापेक्षा पेशीचं आवरण फॉस्फेटला जास्त अडवतं.

दुसरं, शरीरातला ८५ टक्के फॉस्फरस हाडांत, बाकीचा बहुतेक पेशींत. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात मिळून एक टक्का. विहिरीला मोठी मोटर लावली की पहिल्या तासात पाणी झरझर खाली जातं, नंतर झरे जेवढं देतील तेवढंच वर येतं. फॉस्फरसचं तसंच होतं. पहिल्या एक-दीड तासात आकडा पडतो, मग जवळजवळ सपाट राहतो, आणि मशिन बंद केल्यावर काही तासांत पुन्हा वर चढतो. तुम्ही महिन्यातून एकदा बघता तो मशिनवर जाण्याआधीचा आकडा, म्हणजे विहीर पुन्हा भरल्यानंतरचा.

करवीरकर_धाकटा

मॅडम, तुमचा प्रतिसाद वाचून फाईल काढली. एकदा डॉक्टरांनी तीन नमुने घेतले होते. आधी ७.२, संपल्यावर लगेच ३.४, दुसऱ्या दिवशी सकाळी ५.३. तेव्हा मला वाटलं होतं लॅबचा घोळ आहे. तुम्ही म्हणता तसंच दिसतंय.

म्हणजे मशिनने काढलंय, पण पुन्हा भरलंय. तरी एक शंका उरतेच. रक्तातल्या प्रोटीनवरही ऋणभार असतो ना? त्याचा काही परिणाम?

नाडीवरबोट

असतो, आणि तो तुमच्या बाजूने आहे! हे मीठभाकरताईंनी सांगितलेलं बरं.

मीठभाकर

हे माझ्या आवडीचं. १९११ मध्ये फ्रेडरिक डोनन यांनी मांडलेला नियम. पडद्याच्या एका बाजूला असा भारित रेणू ठेवा जो पलीकडे जाऊच शकत नाही. मग बाकीच्या लहान आयनांना दोन्ही बाजूंना समान राहता येत नाही.

आकडे घेऊन करू. डावीकडे न हलणारे १०० ऋणभार आणि त्यांच्या सोबतीला १०० सोडियम. उजवीकडे १०० सोडियम, १०० क्लोराइड. दोन्हीकडे आकारमान सारखं. क्लोराइड डावीकडे सरकू लागतो, भार मिटवायला तेवढाच सोडियम बरोबर जातो. थांबतात कधी? दोन्ही बाजूंचा सोडियम गुणिले क्लोराइड समान झाल्यावर. सोडवलं की डावीकडे सोडियम १३३.३, क्लोराइड ३३.३, उजवीकडे दोन्ही ६६.७. गुणाकार दोन्हीकडे ४,४४४. डावी बाजू उजवीपेक्षा १८ मिलिव्होल्टने ऋण राहते आणि तशीच राहते, बॅटरी न लावता.

रक्तात न हलणारा तो रेणू म्हणजे मुख्यतः अल्ब्युमिन, ७.४ सामूला प्रत्येक रेणूवर पंधरा-वीस ऋणभार. मीठ भरपूर असल्याने परिणाम लहान, दीडेक मिलिव्होल्ट. सोडियमसारखा एका धनभाराचा आयन पाचेक टक्के रक्तात धरून ठेवला जातो, एका ऋणभाराचा तेवढाच बाहेर ढकलला जातो, आणि दोन ऋणभारांचा फॉस्फेट दहाएक टक्के. म्हणजे प्रोटीनचा ऋणभार फॉस्फेटला पडद्याकडे लोटतो. तुमच्या तर्कात ऋणभार होता तो बरोबर, फक्त तो ज्या बाजूला बसलाय तिथून फॉस्फेटला मदतच करतो.

कळंबा_तलाव

दहावीला आयन शिकवताना हे असं कुणी सांगितलं असतं तर मी वाणिज्य शाखेला गेलोच नसतो.

डॉक्टरांना एक प्रश्न. वडिलांना डायलिसिस झाल्यावर प्रचंड तहान लागते. दोन सेशनमध्ये वजन तीन-तीन किलो वाढतं आणि मग नर्सबाई ओरडतात. सोडियमचा यात हात आहे का?

नाडीवरबोट

@कळंबा_तलाव, बहुतेक वेळा आहे. डायलिसेटमध्ये सोडियम साधारण १३५ ते १४० ठेवतात. वडिलांच्या रक्तात मुळात १३४ असेल आणि मशिनवर १४० लावलं असेल तर चार तासांत सोडियम आत येतो, तहान लागते, पाणी प्यायलं जातं, वजन वाढतं.

यात डोननचा नियम कुठे येतो ते बघा. लॅबने पूर्ण प्लाझ्मात मोजलेला सोडियम १३८ असेल, तर प्लाझ्माचा ७ टक्के भाग प्रोटीन-चरबीचा, पाणी ९३ टक्के. पाण्यातला सोडियम झाला १४८. पण प्रोटीनचा ऋणभार त्यातला पाचेक टक्के धरून ठेवतो, म्हणून पडद्यापलीकडे जायला मोकळा असलेला राहतो १४१ च्या आसपास. दोन दुरुस्त्या एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात, म्हणून रोजच्या कामात लॅबचा आकडा आणि मशिनचा आकडा थेट ताडून चालतं. वडिलांचे मागचे काही सोडियम रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि मशिनवर किती लावलंय ते विचारा. विचारायचा तुमचा हक्क आहे. आणि जेवणातलं मीठ आधी. लोणचं, पापड, खर्डा बंद केल्याशिवाय मशिनचा सोडियम बदलून काही होणार नाही.

कळंबा_तलाव

खर्डा! तिथेच तर घोडं अडलंय. उद्याच विचारतो.

खासबागेचा_पठ्ठ्या

एवढं वाचल्यावर मला वाटतं करवीरकरांची कल्पना सोडू नये. धनभाराचा पडदा केला तर फॉस्फेट ओढला जाईलच की. संशोधकांनी का केला नाही?

नाडीवरबोट

कारण रक्तात फॉस्फेट एकटाच ऋण नाही. अल्ब्युमिन ऋण, प्लेटलेट आणि लाल पेशींचा पृष्ठभाग ऋण, रक्त गोठू नये म्हणून देतो ते हेपरिनही भरपूर ऋण. धनभाराची भिंत आधी यांनाच पकडेल. हेपरिन चिकटून बसावं म्हणून पडद्यावर मुद्दाम धनभाराचा थर दिलेले डायलायझर खरोखर आहेत, पण त्यांचा हेतू फॉस्फेट काढण्याचा नाही.

जास्त ऋणभाराचा पडदाही त्रासाचा ठरू शकतो. एएन६९ नावाचा पडदा पॉलिॲक्रिलोनायट्रिलचा, त्यात सल्फोनेटचे ऋणभार भरपूर. रक्त त्याला लागलं की ब्रॅडीकायनिन नावाचा, बीपी पाडणारा पदार्थ तयार होतो. एरवी शरीर ते लगेच मोडून टाकतं. पण पेशंट बीपीसाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिलसारखी ‘प्रिल’ने संपणारी गोळी घेत असेल तर ते मोडणारं एन्झाइमच बंद असतं. १९९० च्या सुमारास अशा पेशंटना मशिन सुरू होताच काही मिनिटांत बीपी कोसळणं, चेहरा सुजणं, धाप लागणं असे प्रकार झाल्याचं पुढे आलं. म्हणून डायलायझर बदलण्याआधी सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. बाहेरून कुणीतरी सांगितलं म्हणून स्वतः खोका आणून देऊ नका.

पंचगंगाघाट

हे शेवटचं वाक्य धाग्याच्या वर चिकटवून ठेवा कुणीतरी.

गंगावेसकर

इतक्या विद्वानांत मी काय बोलू, पण फॉस्फरस येतो कुठून ते तर सांगा. आमच्या कट्ट्यावर पेशंटची माणसं येतात, म्हशीचं धारोष्ण दूध नेतात, म्हणतात अशक्तपणा आलाय, ताकद यायला पाहिजे.

नाडीवरबोट

गंगावेसकर, तुमचा प्रश्न धाग्यात सगळ्यात कामाचा आहे. म्हशीच्या दुधाच्या २०० मिलीच्या पेल्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. चार तासांचं एक सेशन सगळं मिळून ८०० ते १००० मिलिग्रॅम काढतं. आठवड्यात सेशन तीन, आणि जेवण रोज. म्हणजे रोज दोन पेले घेतले तर आठवड्यातली तिन्ही सेशन दुधातच गेली, आणि थोडं उसनंही लागलं. सगळा फॉस्फरस शोषला जात नाही हे खरं, पण दुधातला बराचसा शोषला जातो. डाळी-कडधान्यांतला त्यामानाने कमी. कोला आणि पाकीटबंद पदार्थांत वरून घातलेला फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषला जातो, तो आधी बंद करा. प्रोटीन मात्र डायलिसिसच्या पेशंटला लागतंच, म्हणून दूध-मांस स्वतःच्या मनाने तोडू नका. अंड्याचा पांढरा भाग चालतो, त्यात फॉस्फरस फार थोडा.

गंगावेसकर

गंगावेशीत बसून दूध कमी करा म्हणायचं म्हणजे धाडस लागतं. पण सांगेन. पेशंटचं म्हटल्यावर निम्माच पेला भरून देईन.

करवीरकर_धाकटा

सगळ्यांचे मनापासून आभार. बहीण सकाळ-संध्याकाळ दूध घेते, आईचा आग्रह असतो. ते कमी करू. महागडा डायलायझर आणायचा विचार सोडला.

मॅडम, एक शेवटचं. फाईलमध्ये सेव्हेलामर ८०० लिहिलंय, दिवसातून तीनदा. बहीण ती गोळी चुकवते, कारण मोठी आहे आणि पोट गच्च होतं म्हणते. ती नक्की काय करते?

नाडीवरबोट

अहो, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये जे मागत होतात तेच करते! सेव्हेलामर हा धनभाराचा पॉलिमर आहे. तो आतड्यात शोषला जात नाही. त्याच्या साखळीवरचे अमाइन गट तिथल्या आम्लतेत धनभारित होतात आणि जेवणातल्या फॉस्फेटला धरून ठेवतात, मग सगळं शौचावाटे बाहेर. अमेरिकेत १९९८ पासून वापरात आहे. तुम्हाला जो धनभार पडद्यात हवा होता तो आतड्यात वापरला, कारण तिथे ना प्लेटलेट, ना हेपरिन. फॉस्फेट रक्तात पोचण्याआधीच पकडला जातो.

पण भाराने पकडायचं तर फॉस्फेट समोर असायला पाहिजे. रिकाम्या पोटी घेतली तर पकडायला काही नाही. जेवणाच्या आधी तासभर किंवा नंतर तासाभराने घेतली तरी निम्मी वाया. पहिला-दुसरा घास झाला की गिळायची, आणि अख्खी गिळायची, चावायची किंवा फोडायची नाही, कारण ओली झाली की फुगते. पोट गच्च होतं, बद्धकोष्ठ होतं, हे खरं आहे. ते डॉक्टरांना सांगा, डोस वाटून देता येतो किंवा दुसरं औषध देता येतं. मुकाट्याने बंद करू नका.

करवीरकर_धाकटा

ती आजवर सकाळच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर उपाशीपोटी घेत होती, तेही आठवलं तर. आज रात्रीच्या जेवणापासून ताटाशेजारी ठेवतो.

टेंबलाईची_पायरी

आणि बाहेर जेवायला गेल्यावर? लग्नाच्या पंगतीत, किंवा रविवारी मिसळ खायला गेलो तर?

नाडीवरबोट

खिशात डबी. पंगत असो वा मिसळ, जिथे खाल तिथे घ्या. मिसळ मात्र कट कमी, शेव कमी, आणि दुसरा पाव नको.